प्रकल्प नोंदी: बिदरी डायलचे चावीचे ड्रेस घड्याळ

२६ ऑक्टोबर २०२४, छत्रपती संभाजीनगर

नमुना म्हणून पाटेक फिलिप या स्विस कंपनीचे १९३२ सालचे कॅलाट्राव्हा, मॉडेल क्रमांक ९६, समोर ठेवले आहे. घ्यायचे ते प्रमाण: सपाट बेझल (काचेभोवतीची कड), केसमधूनच (घड्याळाच्या कवचातूनच) वळत निघालेले लग (पट्टा अडकवायचे चार पाय), टोकदार दोन पैलूंचे काटे, साध्या पट्ट्यांचे तासखुणे आणि सहावर छोटा सेकंद. त्या कंपनीचे नाव, चिन्ह किंवा क्रॉस डायलवर येणार नाही. नकली घड्याळ आणि प्रेरणा घेतलेले घड्याळ यांतली रेघ तिथेच आहे.

डायल मात्र बिदरी. जस्त-तांब्याच्या काळ्या पाटीत चांदी जडवायची हे काम बीदरचे, पण आपल्या शहरातही त्याचे कारागीर आहेत. आणि तासखुणे म्हणजे शेवटी काळ्यावर पांढऱ्या पट्ट्याच. वेलबुट्टी एकही नको.

अडचण जाडीची. बिदरीची वस्तू सहसा दोन-तीन मिमी जाड असते, डायल ०.४ मिमीचा असतो. म्हणून केसचे चित्र काढण्याआधी जाडीचा हिशेब मांडला, खालून वर, मिमीमध्ये:

मागचे झाकण १.०, झाकण ते मशीन मोकळीक ०.३, मशीन ४.५, डायल ०.८, डायल ते तासकाटा ०.३५, तासकाटा ०.३, मधली फट ०.२५, मिनिटकाटा ०.३, काचेपर्यंत ०.४, काच १.२. बेरीज ९.४.

व्यास ३९.५ धरला, म्हणजे जाडी व्यासाच्या पाव भागाच्या आत राहते. ड्रेस घड्याळाला याहून जाड केस दिली की ते शर्टाच्या बाहीखाली जात नाही, मग पुढचे सगळे पॉलिश वाया.

९ नोव्हेंबर

मशीन ठरले: सीगल एसटी३६, सहावर सेकंदवाले. हा इटा या स्विस कंपनीच्या ६४९८ चा चिनी भाऊ. व्यास ३६.६, जाडी ४.५, १७ ज्वेल (धुऱ्यांखालचे खडे), तासाला २१,६०० ठोके.

पर्याय दोन होते. एचएमटीचे जुने चावीचे मशीन इथे सहज मिळते आणि दुरुस्त करणारेही आहेत, पण त्याचा सेकंदकाटा मध्यावर. दुसरे, पेझ्यू ७००१: व्यास २३.३, जाडी फक्त २.५. पातळ घड्याळासाठी तेच खरे. पण ३९.५ च्या केसमध्ये ते बसवले की सेकंदाचे वर्तुळ मध्याला चिकटते आणि डायल रिकामा दिसतो. छोट्या मशीनभोवती मोठी केस घातलेली पुष्कळ महाग घड्याळे याच एका गोष्टीमुळे विचित्र दिसतात. ७००१ घ्यायचे तर केस ३४ च्या वर नेऊ नये.

चावी (केसबाहेरचे फिरवायचे बोंड) मागवताना स्टेमच्या, म्हणजे ती ज्या दांडीवर बसते तिच्या, आट्यांचे माप बघावे. या मशीनला १.२ मिमीचे आटे लागतात. बाजारात सर्रास मिळणारी चावी ०.९ ची असते आणि ती बसत नाही.

मशीन आल्या आल्या डायलच्या पायांची (डायल मशीनला अडकवणाऱ्या खुंट्यांची) जागा, सेकंदाच्या चाकाचे केंद्र आणि स्टेमच्या मध्याची उंची टेक्निकल शीटवरून घेतली, मग प्रत्यक्ष मशीनवर पुन्हा मोजली. इटाची शीट चिनी मशीनला बहुतेक लागू पडते. या ‘बहुतेक’वर केसला भोक पाडू नये.

१७ नोव्हेंबर

पाटीचे ओतकाम कारागिराकडून. मिश्रण वजनाने १६ भाग जस्त, १ भाग तांबे. म्हणजे तांबे साधारण ५.९ टक्के. तांब्याचा अंश हवाच, नुसत्या जस्तावर पुढचा काळा रंग धरत नाही. स्वतः ओतणाऱ्यांसाठी: जस्त ४१९ अंशांना वितळते आणि ९०७ ला उकळते, तांबे १०८५ ला वितळते. म्हणून तांबे आधी वितळवून त्यात जस्त टाकायला जाऊ नये, जस्त पेट घेते. वितळलेल्या जस्तात तांब्याची बारीक तार सोडली की ती हळूहळू विरघळते. पांढरा धूर दिसला तर ताप जास्त झाला. तो धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. काम उघड्यावरच करावे.

पाटी ४ मिमी जाड, ४५ मिमी व्यासाची मागितली, तीन नग. रेतीच्या साच्यातल्या ओतकामात बारीक छिद्रे राहतात, आणि जाड सुरईत न दिसणारे छिद्र अर्ध्या मिमीच्या चकतीत आरपार भोक होते. दोन्ही बाजूंनी ०.५ फेसिंग (लेथवर तोंड सपाट कापणे) करून दहापट भिंगाखाली पाहिले. एका पाटीत सुईच्या टोकाएवढ्या छिद्रांची माळ निघाली, ती बाद. दोन ठेवल्या.

२४ नोव्हेंबर

केससाठी ३१६एल स्टेनलेसचा गोल बार. केस ३९.५ ची म्हणून ४० चा बार आणायचा नसतो. लग टोक ते टोक ४७.५, दोन लगांमध्ये पट्ट्याला २० आणि प्रत्येक लग २.३ जाड. म्हणजे लगाचा बाहेरचा कोपरा मध्यापासून २३.७५ लांब आणि १२.३ बाजूला: अंतर २६.७५, व्यास ५३.५. बार ५५ चाच लागतो. चिकलठाणा आणि वाळूजच्या वर्कशॉपांत या मापाचे तुकडे उरलेले असतात. ११ मिमीची चकती कापून घ्यावी. घेताना ३०४ की ३१६एल हे विचारून घ्यावे. घामाचे मीठ ३०४ ला लवकर टोचते, आणि मराठवाड्याच्या उन्हाळ्यात घामाला तोटा नाही.

१ डिसेंबर

लेथवरचे काम. एकाच पकडीत मागून: मशीनची बैठक ३६.७ (वर ०.०३ पर्यंत चालेल, खाली शून्य), झाकणाची दाब-खाच, आणि पुढे ३४.५ चे तोंड. या तोंडाची ०.९५ मिमीची आतली पायरी डायलची कड झाकते. भिंत १.४ उरते. आट्यांचे झाकण या भिंतीत बसत नाही, म्हणून दाबून बसणारे.

३१६एल चा स्वभाव: टूल घासले पण कापले नाही, तर पृष्ठभाग कडक होतो आणि पुढच्या कटला इन्सर्टची (टूलच्या बदलत्या पात्याची) धार जाते. ०.१ पेक्षा हलका कट घेऊ नये, फीड (टूलची पुढे सरक) मध्येच थांबवू नये, कुलंट (थंड ठेवणारे पाणी) सतत. ‘अजून दोन शतांश काढू’ म्हणून हलकेच घासणे हाच बोअर (आतले भोक) बिघडण्याचा रस्ता. शेवटचे दोन कट समान, ०.१५ चे.

पुढची काचेची बैठक (३६.४) आत्ता कापली नाही. समोरचा ०.३ मिमी माल राखून ठेवला. डायल खरोखर किती जाड होतो ते कळल्यावरच काचेची उंची ठरवायची.

८ डिसेंबर

लग. बाहेरचे वर्तुळ लेथवर पूर्ण फिरवता येत नाही, लग आडवे येतात. ३६.७ च्या बोअरमध्ये फुगणारा मँड्रेल (आतून पकडणारा दांडा) घालून चकती रोटरी टेबलवर (फिरत्या पाटावर) चढवली. कडेच्या दोन कमानी आणि लगांमधल्या दोन, चारही ६ मिमीच्या एंडमिलने (बाजूने कापणाऱ्या कटरने).

पट्ट्याच्या दांडीची भोके लगांना वळण देण्यापूर्वी पाडायची, कारण तेव्हाच बाजू चौकोनी असतात. केंद्र केसच्या मध्यापासून २१.९, म्हणजे केसच्या कडेपासून २.१५. याहून जवळ घेतले तर पट्टा केसला घासतो, लांब घेतले तर मध्ये उजेड दिसतो. ड्रिल १.० चे, खोली १.३, आतल्या बाजूने. आरपार भोक करणे सोपे आणि पट्टा बदलायलाही बरे, पण नमुन्यातल्या घड्याळाची बाजू कोरी आहे.

वळण कानशीने. चारही लगांना एकच साचा: ३ मिमीच्या पोलादी पट्टीत कापलेली कमान, लगाला लावून उजेडाकडे धरायची. फट दिसेल तिथे कानस.

१४ डिसेंबर

जडकाम, कारागिराच्या पाटावर. पाटी आधी मोरचुदाच्या पाण्याने काळी केली. हा रंग तात्पुरता, त्यावर आखणीची रेघ चांदीसारखी चमकते म्हणून. पाटी लाख-राळेच्या थरावर घट्ट बसवली. आखणी नेहमी भूमितीने, डोळ्याने नाही: विभाजन करणाऱ्या टेबलवर ६० रेघा पाडल्या आणि मगच छिन्नी लावली.

तासखुणे ३.५ लांब, १.० रुंद, मध्यापासून ११.७ ते १५.२. बाराला दोन पट्ट्या. सहाची पट्टी नाही, तिथे सेकंद. मिनिटांचे ठिपके १६.० च्या वर्तुळावर: ०.४ चे भोक आणि त्यात शुद्ध चांदीची तार.

खोली ०.२५ ते ०.३०. एरवी कारागीर खोलीकडे इतके बघत नाही, खाली माल भरपूर असतो. इथे पाटी मागून घासून ०.५ वर आणायची आहे, खाच ०.४ गेली तर खाली कागदाएवढा पडदा राहील आणि काळे करताना गरम झाला की तडकेल. म्हणून छिन्नीला मागे पितळी कॉलर लावून खोली बांधून घेतली. खाचेच्या भिंती तळाकडे किंचित रुंद. चांदीचा पत्रा ०.४, लालसर तापवून मऊ केलेला, खाचेहून केसभर मोठा कापून सपाट पोगराने ठोकला. तो खाली पसरून भिंतींत अडकतो. चांदी न तापवता ठोकली की पट्टी दोन्ही टोकांना उचलते. मग कानस, आणि ४०० चा पेपर काचेवर ठेवून सपाटी.

२२ डिसेंबर

डायल पातळ करणे. पाटी तोंड खाली करून लेथच्या सपाट पितळी चकतीवर लाखेने चिकटवली आणि मागून ०.६ पर्यंत फेसिंग. जस्त थंडीत ठिसूळ असते. १०० ते १५० अंशांत बरेच नरम पडते. डिसेंबरच्या सकाळी थंड पाटीवर कट घेतला तर कडेला कपच्या निघतात. चकती हीट गनने कोमट ठेवली, लाख सुटणार नाही इतपतच. ०.६ नंतर टूल बंद. पुढचे ०.१ काचेवर ६०० आणि १००० च्या पेपरने, हाताने, इंग्रजी आठ काढत.

मधले भोक आणि सेकंदासाठी १० मिमीचे भोक पियर्सिंग सॉने, मग बोअरिंगने. बाहेरचा व्यास ३६.४. मायक्रोमीटर चार ठिकाणी: ०.५०, ०.५१, ०.५०, ०.४९.

इथे हिशेबात एक फायदा हाती आला. ही चकती ०.३ च्या पितळी पाटीवर बसणार. सेकंदाच्या भोकात तळ म्हणून तीच पितळ दिसेल, म्हणजे सेकंद अर्धा मिमी खोल खड्ड्यात. सेकंदकाटा तळापासून ०.२ वर, स्वतः ०.१२ जाड: एकूण ०.३२, डायलच्या पृष्ठभागाच्या खालीच. तासकाट्याला आता सेकंदकाटा चुकवायचा नाही, ०.३५ ची मोकळीक ०.२ वर आणता येते. शिवाय मशीनची सेकंदाची धुरी लांबीला ठरलेली असते. डायल सरसकट ०.८ चा असता तर काटा तिच्यावर बसलाच नसता.

२९ डिसेंबर

काळे करणे. बीदरच्या किल्ल्यातली जुनी माती, नवसागर आणि पाणी यांचा लेप. चकती हाताला चटका बसेल इतकी गरम. लेप फासायचा, रंग चढला की धुवायचे. जस्त काळे पडते, चांदी पांढरीच राहते. पातळ चकती जाड वस्तूपेक्षा लवकर तापते आणि लवकर निवते, म्हणून खाली गरम पितळी ठोकळा ठेवला. नाहीतर कडेला राखाडी आणि मध्ये काळा असा डाग येतो. स्पर्श फक्त कडेला. बोटाच्या तेलावर लेप धरत नाही.

शेवटी खोबरेल लावून चमक आणायची पद्धत इथे बंद. बंद केसमध्ये तेल सरकत सरकत बॅलन्सपर्यंत (मशीनच्या झुलत्या चाकापर्यंत) जाते.

४ जानेवारी २०२५

ही नोंद बिदरी डायल करू पाहणाऱ्याने सोडू नये. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. चकतीच्या छिद्रांत त्याचा अंश राहिला आणि केस बंद झाली, की पावसाळ्यातल्या दमटपणात तो ओलावा धरतो आणि हेअरस्प्रिंगला (बॅलन्सच्या केसाएवढ्या बारीक स्प्रिंगला) गंज चढतो. भांड्याला याने काही होत नाही, म्हणून कारागिराला हा प्रश्न कधी पडत नाही.

चकती कोमट डिस्टिल्ड पाण्यात बुडवून ठेवायची, पाणी बदलायचे, पुन्हा बुडवायची. काढलेल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणाचे दोन थेंब टाकायचे. दुधासारखे झाले तर क्लोराइड अजून निघतेय. बाजूला कोऱ्या डिस्टिल्ड पाण्याची नळी तुलनेला हवी, कारण बॅटरीचे पाणी म्हणून विकले जाणारे ‘डिस्टिल्ड’ कधी कधी स्वतःच दुधाळ होते. नळाचे पाणी तर होतेच. सिल्व्हर नायट्रेट कॉलेजला रसायने पुरवणाऱ्या दुकानात मिळते. बोटांवर पडले तर काळे डाग कित्येक दिवस जात नाहीत, हातमोजे घालावेत.

पाणी स्वच्छ राहिल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून ६० अंशांवर वाळवली. वर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा अगदी पातळ हात.

१२ जानेवारी

पितळी पाटी ०.३, पायांना कथिलाचा डाख. पाय थेट बिदरी चकतीला लावता येत नाहीत: डाखाच्या उष्णतेने काळा रंग उडतो आणि जस्तावर कथील नीट धरतही नाही. सेकंदाचा तळ आतून बारीक गोल रेघांनी घासून चांदीचा मुलामा. काळ्या डायलमध्ये तो एकटाच पांढरा खड्डा दिसतो, आणि ते बरे दिसते.

दोन्ही चकत्या पातळ, हळू सुकणाऱ्या इपॉक्सीने. चिकटा ०.०३ चा. जस्त आणि पितळ यांच्यात तो सलग पाहिजे. दोन धातू उघडे भिडले आणि ओल लागली की जस्त खाल्ले जाते. डायल एकूण ०.८३.

१९ जानेवारी

काटे. निळे पोलाद बाद: २९५-३०० अंशांचा तो निळा पांढऱ्या डायलवर राजा, काळ्यावर दिसतच नाही. म्हणून ०.३ चा जर्मन सिल्व्हरचा पत्रा. मिनिटकाटा १५.८, ठिपक्याला टेकणारा, तासकाटा ११.०, पट्टीच्या अलीकडे थांबणारा. काटा आखूड पडला की कोणतेही घड्याळ स्वस्त दिसते, आणि हे दुरुस्त करायला पैसा लागत नाही.

पैलू: काटा पितळी ठोकळ्यावरच्या खाचेत बसवून एका बाजूला १२ अंश कललेली कानस, मग दुसऱ्या. मधली धार सरळ रेघेत यायला हवी, टोकापासून भोकाच्या मध्यापर्यंत. दोन्ही पैलू आरसा केले तर ठरावीक कोनात दोन्ही काळे दिसतात आणि काळ्या डायलवर काटा गायब होतो. म्हणून एक पैलू आरसा, दुसरा १५०० च्या पेपरने लांबीच्या दिशेने मॅट. कोणत्याही उजेडात एक तरी दिसतो.

काट्यांच्या नळ्या पितळेच्या, खाली लांब, म्हणजे ०.८३ च्या डायलमधून तासचाकापर्यंत पोचतात. भोक धुरीपेक्षा ०.०१ ते ०.०२ लहान ठेवून ब्रोचने (निमुळत्या कापत्या सुईने) वाढवत न्यायचे. सराफ्यात रोडियमचा मुलामा. पातळच सांगावा, जाड मुलाम्याने धार बोथट होते.

२५ जानेवारी

काचेची बैठक कापली. नवी बेरीज: डायलने ०.०३ घेतले, सेकंदाच्या खड्ड्याने ०.१५ दिले. एकूण ९.२८. सफायर सपाट काच ३५.५ × १.२, नायलॉन गॅस्केट.

पॉलिश: ४००, ८००, १२००, २०००, सगळे काचेवर सपाट, मग ३ आणि १ मायक्रॉन डायमंड पेस्ट लाकडी पट्टीवर. बफिंग व्हीलला बेझल दाखवलाच नाही. व्हील पाच मिनिटांत आरसा देते आणि त्याच पाच मिनिटांत कड गोल करते. बेझल आणि बाजूची भिंत जिथे मिळतात ती कड सुरीसारखी उभी राहिली, तरच हे घड्याळ साडेतीन इंची स्टीलच्या वाटीपासून वेगळे.

२ फेब्रुवारी

मशीन उघडून धुतले. कारखान्याचे तेल कुठे जास्त, कुठे अजिबात नाही, हे या मशीनमध्ये नेहमीचे. जलद चाकांच्या धुऱ्यांना मोबियस तेल ९०१०, पॅलेटच्या (चाकांना एकेक ठोका सोडणाऱ्या भागाच्या) खड्यांना ९४१५, सावकाश फिरणाऱ्या भागांना एचपी १३००. पॅलेटच्या धुऱ्या कोरड्याच.

टाइमग्राफरवर (ठोके ऐकून चाल मोजणाऱ्या यंत्रावर) लिफ्ट अँगल (दर ठोक्याला बॅलन्स ढकलला जातो तो कोन) ४४. पूर्ण चावीवर डायल वर: दिवसाला अधिक ५ सेकंद, अ‍ॅम्प्लिट्यूड २८८ (बॅलन्स किती अंश झुलतो ते). डायल खाली: अधिक ७, २८४. चावी खाली: उणे ४, २५६. उभ्या आणि आडव्या स्थितींत ३० अंशांच्या आसपास फरक राहणारच. बीट एरर (टिक आणि टॉकमधला फरक) ०.३ मिलिसेकंद, ठेवला.

९ फेब्रुवारी

जुळणी. काटे बाराला लावून पूर्ण फेरी हाताने, कडेने भिंग: तासकाटा डायलपासून ०.२ वर, कुठे घासत नाही. चावीची नळी रिटेनिंग कंपाउंडने (धातू जोडणाऱ्या चिकट्याने) बसवली. स्टेमचे भोक उंचीला ०.०५ ने जरी हुकले असते तर चावी देताना खरखर लागली असती, लागली नाही. बंद घड्याळाची जाडी व्हर्नियरवर ९.३.

पाणीरोधक म्हणू नये. दाब-झाकण आणि काचेचे गॅस्केट धुळीला पुरते. अंघोळीला घड्याळ काढून ठेवायचे.

१६ फेब्रुवारी

पट्टा २० ते १६, वरून काळी हिमरू (इथले विणलेले नक्षीदार कापड), आतून बकऱ्याचे कातडे. हिमरूच्या मागच्या बाजूला सुट्या धाग्यांचे लोंबते थर असतात. तशीच कापली की कड उसवते. कापण्याआधी मागे इस्त्रीने चिकटणारे पातळ अस्तर, आणि कड ३ मिमी आत दुमडून शिलाई. लगाजवळ एकूण जाडी ३.२ च्या आत हवी, नाहीतर २.१५ च्या जागेत पट्टा अडतो आणि दांडी खाचेतून सुटते. घामाला कापड टिकणार नाही; एप्रिल लागला की साध्या कातडी पट्ट्यावर यायचे.

उरलेली दुसरी बिदरी चकती, न धुता, लोखंडी टाचणीसोबत झाकण लावलेल्या बाटलीत ठेवली आहे. शेजारी धुतलेल्या चकतीचा कापून उरलेला तुकडा, दुसऱ्या बाटलीत, तशाच टाचणीसोबत. दोन्ही जुलैत उघडायच्या.